पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे फुप्फुस बिघडलं का? न्यूमोनियात रक्तवाहिनीच्या भिंतीवर काय घडतं

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ कळेल. वडील ५८ वर्षांचे, काटोलजवळ शेती. पोळ्याच्या आठवड्यात ताप आला, चार दिवस गावातच औषधपाणी झालं, मग धाप लागली म्हणून नागपुरात आयसीयूत भरती केलं. दोन्ही बाजूंना न्यूमोनिया. भरतीच्या दिवशी पांढऱ्या पेशी १८,४००, तिसऱ्या दिवशी २४,६००. नाकाला हायफ्लो ऑक्सिजन (नाकातून जोराच्या प्रवाहाने दिलेला) लावलाय. डॉक्टर म्हणाले, "जंतू आटोक्यात येतायत, पण त्यांच्याच पांढऱ्या पेशींमुळे रक्तवाहिन्या गळतायत आणि फुप्फुसात पाणी साचतंय." मग सलाईन कमी केलं, लघवीचं इंजेक्शन आणि स्टेरॉइड सुरू केलं. तुम्ही विचारता: पेशीच नुकसान करत असतील तर त्या कमी करणारं औषध का देत नाहीत? आणि आकडा वाढला म्हणजे बाबांची तब्येत खालावली का?

खरा प्रश्न पेशींच्या संख्येचा नाहीच. पेशी आणि रक्तवाहिनीची भिंत यांची गाठ कुठे पडते, कोणत्या अवस्थेत पडते आणि किती वेळ टिकते, यावर फुप्फुसाचं भवितव्य ठरतं. हे एकदा कळलं की सलाईन का कमी केलं, स्टेरॉइड का दिलं, आणि आकडा वाढूनही डॉक्टर का घाबरले नाहीत, हे सगळं एका सूत्रात बसतं. रुग्णाला न तपासता त्यांचं औषध ठरवता येत नाही. जंतू कोणता, मधुमेह आहे का, रक्तदाब औषधाविना टिकतोय का, यावर बरंच बदलतं. म्हणून इथे उपचार सांगत नाही, उपचारामागचं कारण सांगतो.

आधी आकड्याचं बघू, कारण घरच्यांची झोप त्यानेच उडते. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, येणारा आकडा फक्त वाहत्या रक्तातल्या पेशींचा असतो. न्यूमोनियात मुख्य काम करणाऱ्या पांढऱ्या पेशी म्हणजे न्यूट्रोफिल. त्यांतल्या साधारण निम्म्या कोणत्याही क्षणी वाहत नसतात. फुप्फुस, यकृत, प्लीहा यांच्या बारीक वाहिन्यांत त्या भिंतीला टेकून थांबलेल्या असतात आणि सुईने काढलेल्या रक्तात येत नाहीत. स्टेरॉइड दिलं की या टेकलेल्या पेशी भिंत सोडून प्रवाहात येतात, अस्थिमज्जेतून नव्या सुटतात आणि आधीच्या पेशींचं मरणही लांबतं. त्यामुळे काही तासांतच आकडा वर जातो. बाबांना स्टेरॉइड दुसऱ्या दिवशी सुरू झालं असेल, तर तिसऱ्या दिवशीच्या २४,६०० मध्ये त्याचा वाटा नक्की आहे. फरक कसा ओळखायचा? रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या तपासणीचा, म्हणजे स्मिअरचा, पॅथॉलॉजिस्टचा शेरा वाचा. कोवळ्या बँड पेशी खूप असतील, पेशींत टॉक्सिक ग्रॅन्यूल (संसर्गात दिसणारे गडद कण) दिसत असतील, तर संसर्ग अजून जोरात आहे. पेशी पिकलेल्या आणि नुसत्याच जास्त असतील, तर स्टेरॉइडकडे बोट जातं. ताप, श्वासाचा वेग, ऑक्सिजनची गरज आणि रक्तदाब हे चारही सुधारत असतील तर एकट्या आकड्यावरून अँटिबायोटिक बदलू नये. उलट न्यूमोनियात आकडा ४,००० च्या खाली गेला तर ते फार वाईट लक्षण. तीव्र न्यूमोनिया ठरवायच्या निकषांत ते धरलेलं आहे, आणि तरीही "आकडा कमी आहे म्हणजे बरंय" असं समजून घरचे निर्धास्त होतात.

आता फुप्फुसातली रचना. इथेच बाकीच्या शरीरापेक्षा वेगळं काही आहे.

बोटाला काटा लागून पू होतो तेव्हा पांढरी पेशी वाहिनीबाहेर पडते ती केशवाहिनीच्या पुढच्या बारीक शिरेतून. तिथे जागा असते. पेशी आधी भिंतीवरून घरंगळते, सिलेक्टिन नावाच्या चिकट रेणूंना अडखळत हळू होते, मग इंटेग्रिन नावाचे पक्के हुक आयकॅम-१ या खुंटीत अडकवते, थांबते आणि भिंतीतून सरकून बाहेर पडते. पाठ्यपुस्तकात हीच आकृती असते. फुप्फुसात मात्र बहुतेक पेशी केशवाहिनीतूनच बाहेर पडतात आणि तिथे घरंगळायला जागाच नाही. न्यूट्रोफिलचा व्यास ६ ते ८ मायक्रॉन, आणि वायुकोशाभोवतीच्या (फुप्फुसातल्या हवेच्या बारीक फुग्यांभोवतीच्या) बऱ्याच केशवाहिन्या त्याहून अरुंद. शिवाय धमनीकडून शिरेकडे जाताना पेशीला अशा डझनावारी छोट्या तुकड्यांतून वाट काढावी लागते. लाल पेशी मधे खोलगट आणि लवचीक, ती दुमडून साधारण एका सेकंदात पार होते. न्यूट्रोफिल गोल आणि टणक. तिला प्रत्येक अरुंद जागी लांबट व्हावं लागतं, आणि आकार बदलायला वेळ लागतो. कुठे काही सेकंद, कुठे काही मिनिटं. त्यामुळे धडधाकट माणसाच्या फुप्फुसातल्या केशवाहिन्यांतही न्यूट्रोफिलचं प्रमाण बाकीच्या रक्तापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतं. ही गर्दी आजाराची नव्हे, फुप्फुसाच्या पहाऱ्याची आहे. हृदयातून मिनिटाला निघणारं साधारण ५ लिटर रक्त सगळंच फुप्फुसातून जातं, आणि हवेतले जंतूही तिथेच उतरतात.

संसर्ग झाला की पहिला बदल पेशीच्या अंगात होतो. वायुकोशातल्या मॅक्रोफेज (जंतू आणि मेलेल्या पेशी गिळणाऱ्या) पेशी जंतू ओळखून टीएनएफ, इंटरल्यूकिन-१, इंटरल्यूकिन-८ असे निरोप सोडतात. ते रक्तात पोचताच न्यूट्रोफिलच्या सालीखाली ॲक्टिनचे धागे गोळा होतात आणि पेशी काही मिनिटांत आणखी ताठर होते. आधी जिथून ती मुरडून जात होती, तिथे आता अडकते. म्हणजे फुप्फुसातला पहिला मुक्काम चिकटण्याने पडत नाही, ताठरपणाने पडतो. चिकटणं नंतर येतं आणि पेशीला तिथे टिकवून धरतं.

दुसरा बदल भिंतीत होतो. केशवाहिनीचं अस्तर म्हणजे एंडोथेलियम, एकपदरी पेशींचा थर. त्याच्या रक्ताकडच्या बाजूला साखरेच्या साखळ्यांचं मऊ आवरण असतं, ग्लायकोकॅलिक्स. तब्येत ठीक असताना हे आवरण चिकट रेणूंना झाकून ठेवतं आणि प्रथिनांना बाहेर जाऊ देत नाही. जळजळ सुरू झाली की ते झिजतं आणि खालच्या खुंट्या उघड्या पडतात. केशवाहिनीहून मोठ्या वाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींत वीबेल-पॅलाडे नावाच्या लांबट पिशव्या असतात, त्या मिनिटांत फुटतात. त्यातून पी-सिलेक्टिन पृष्ठभागावर येतं आणि अँजिओपोएटिन-२ बाहेर पडतं. हे दुसरं रसायन अस्तराच्या पेशींची एकमेकींवरची पकड सैल करतं. आयकॅम-१ वाढायला काही तास लागतात. म्हणून तापाच्या पहिल्या दिवशी एक्स-रे जवळजवळ स्वच्छ आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही बाजू पांढऱ्या, असं दिसतं. पहिल्या एक्स-रेत कुणी काही पाहायचं विसरलंच असं नसतं.

जंतूनुसार वाटही बदलते, आणि ही गोष्ट उपचाराच्या दृष्टीने मोलाची आहे. इंटेग्रिनच्या हुकांमधला सीडी१८ हा भाग प्राण्यांमध्ये बंद केला, तर ई. कोलाय या जिवाणूच्या विषाने होणारं पेशींचं फुप्फुसातल्या वाहिनीबाहेर पडणं बरंच कमी होतं. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या नेहमीच्या जिवाणूच्या संसर्गात मात्र पेशी सीडी१८ शिवायही बाहेर पडतात. काही बाळांत हा भाग जन्मतःच नसतो. त्यांची नाळ उशिरा पडते, रक्तात पेशी प्रचंड, पण जखमेत पू होत नाही. म्हणजे "पेशींचं चिकटणं बंद करा" म्हटलं तर कोणतं चिकटणं, हा पहिला प्रश्न. फुप्फुसात एकच कुलूप नाही.

आता नीट लक्ष द्यायची जागा. पेशी भिंतीतून बाहेर पडली म्हणजे भिंत फुटली, असं नाही. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा बऱ्याच ठिकाणी अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो. पेशी ही पातळ बाजू टाळतात. केशवाहिनीच्या जाड बाजूने, जिथे आधाराचे तंतू असतात, तिथून त्या बाहेर येतात आणि वायुकोशाच्या दोन प्रकारच्या पेशी मिळतात त्या कोपऱ्यातून आत शिरतात. मागे अस्तराचे सांधे पुन्हा मिटतात. निरोगी स्वयंसेवकांच्या फुप्फुसात ल्युकोट्राइन बी-४ हे न्यूट्रोफिलना बोलावणारं रसायन सोडून पाहिलेलं आहे. पेशी भरपूर आल्या, पण प्रथिनांची म्हणण्यासारखी गळती झाली नाही. साध्या एका खंडाच्या न्यूमोनियात हेच होतं. वायुकोश पेशींनी गच्च भरतो, जंतू मरतात, आणि काही आठवड्यांत तो भाग पूर्ववत होतो, बहुतेकदा वणही राहत नाही.

मग बिघडतं कधी? पेशी आधीच चेतवलेली असेल आणि भिंतही आधीच जखमी असेल, अशा वेळी दोघींची गाठ पडली की. चेतवलेली न्यूट्रोफिल भिंतीला इतकी घट्ट बसते की दोघींमध्ये एक बंद कप्पा तयार होतो. त्या कप्प्यात ती इलॅस्टेजसारखी प्रथिनं कापणारी विकरं आणि ऑक्सिजनचे मुक्त कण सोडते. रक्तात अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हे इलॅस्टेजला थोपवणारं प्रथिन भरपूर असतं, पण त्या बंद फटीत ते पोचतच नाही. अस्तराच्या पेशींना जोडणारं व्हीई-कॅडहेरिन तुटतं आणि सांधे उघडतात. काही न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात. २००४ साली या जाळ्यांचं पहिलं वर्णन झालं. जंतू धरायला ती उपयोगी, पण त्यांत प्लेटलेट अडकतात आणि केशवाहिन्यांत बारीक गुठळ्या होतात. मग हवा आहे तिथे रक्त नाही, आणि रक्त आहे तिथे हवा नाही.

सांधे उघडले की गळतं ते नुसतं पाणी नसतं, प्रथिनांनी भरलेला द्रव असतो. तो वायुकोशात आल्यावर सरफॅक्टंट, म्हणजे कोश उघडे ठेवणारा आतला पातळ लेप, निकामी होतं आणि कोश मिटतात. मिटलेल्या कोशाभोवतीचं रक्त ऑक्सिजन न घेताच पुढे जातं. म्हणूनच ऑक्सिजन वाढवला तरी बोटावरचा ऑक्सिजनचा आकडा हवा तसा चढत नाही. १९६७ साली ॲशबॉ आणि सहकाऱ्यांनी अशा १२ रुग्णांचं वर्णन केलं, तोच आजार आज एआरडीएस म्हणून ओळखला जातो. तुमच्या डॉक्टरांच्या तोंडून हा शब्द निघाला नसेल, पण त्यांनी वर्णन केलं ते त्याच वाटेचं आहे.

या गाठीचं सगळ्यात निखळ उदाहरण जंतूशिवायचं आहे. रक्त किंवा प्लाझ्मा चढवल्यावर ६ तासांच्या आत अचानक धाप लागते, दोन्ही फुप्फुसं भरतात, आणि हृदय मात्र ठीक असतं. दात्याच्या प्लाझ्मातल्या प्रतिपिंडांनी फुप्फुसात थांबलेल्या न्यूट्रोफिल जागच्या जागी चेतवलेल्या असतात. आयसीयूतला रुग्ण इथे जास्त धोक्यात, कारण त्याच्या पेशी आणि भिंत आधीच तयार बसलेली असतात. म्हणून बाबांना रक्ताची बाटली लावायची वेळ आली, तर गरज नक्की आहे ना, हे जरूर विचारा.

तुमचा मूळ प्रश्न: मग पेशीच कमी का करायच्या नाहीत? पहिलं कारण साधं. अँटिबायोटिक जंतूंची वाढ रोखतं किंवा त्यांना मारतं, पण वायुकोश साफ करायला पेशी लागतातच. केमोथेरपीने न्यूट्रोफिल शून्याकडे गेलेल्या रुग्णाला न्यूमोनिया झाला तर तो फार झपाट्याने पसरतो. आणि त्यालाही एआरडीएस होतो, म्हणजे सगळा दोष न्यूट्रोफिलवर टाकता येत नाही. जंतूंची विषं, व्हायरस आणि प्लेटलेट हेसुद्धा भिंत फाडतात. त्याच रुग्णात पेशी परत वाढू लागल्या की काही दिवस धाप वाढते, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत, आणि म्हणूनच हा विषय एका वाक्यात मिटत नाही.

दुसरं कारण, करून पाहिलेलं आहे. टीएनएफ अडवणारी औषधं १९९० च्या दशकात सेप्सिसमध्ये (संसर्गाने अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा) वापरून पाहिली, अपेक्षेइतका फायदा दिसला नाही. सीडी१८ बंद करणारी प्रतिपिंडं हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि जखमांच्या शॉकमध्ये वापरली, उपयोग झाला नाही. इलॅस्टेज रोखणारं सिव्हेलेस्टॅट जपानमध्ये मान्य झालं, पण मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत मृत्यू कमी झाले नाहीत. कारण वेळेचं आहे. रुग्ण आयसीयूत पोचतो तोवर पेशी भिंतीवर येऊन बसलेल्या असतात, भिंत गळू लागलेली असते. नव्या पेशी अडवून आधीची फट बुजत नाही.

म्हणून उपचाराचा रोख पेशी मारण्यावर नसतो. जंतू संपवणं, भिंतीवरचा दाब कमी ठेवणं आणि तिला भरून यायला वेळ देणं, यावर असतो. सलाईन याच हिशोबाने कमी केलं. भिंत अखंड असते तेव्हा रक्तातली प्रथिनं पाणी आत धरून ठेवतात. सांधे उघडे असताना केशवाहिनीतला दाब थोडा वाढला तरी द्रव थेट वायुकोशात जातो. तेच अर्धा लिटर सलाईन निरोगी माणूस पचवतो, आणि बाबांना तासाभरात जास्त ऑक्सिजन लागू शकतो. २००६ च्या १,००० रुग्णांच्या चाचणीत द्रव बेताने दिलेल्या गटात मृत्यूच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही, पण व्हेंटिलेटरविना दिवस वाढले. इथे एक अट मात्र पक्की. आधी शॉकमधून, म्हणजे रक्तदाब कोसळून अवयवांना रक्त कमी पडण्याच्या अवस्थेतून, बाहेर यायला हवं. रक्तदाब पडलेला, लघवी थांबलेली असताना द्रव आवळला तर किडनी जाते. त्यामुळे पहिल्या दिवशी भरपूर सलाईन आणि तिसऱ्या दिवशी लघवीचं इंजेक्शन, यात विसंगती नाही. आजाराचा टप्पा बदललाय.

स्टेरॉइड भिंतीवरच्या खुंट्या आणि निरोपांची रसायनं कमी करतं, पेशींची फौज पुसून टाकत नाही. म्हणूनच रक्तातला आकडा वाढताना फुप्फुसातली सूज कमी होऊ शकते. कोविडमध्ये २०२० च्या रिकव्हरी चाचणीत रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवरच्यांचे एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजनच लागत नव्हता त्यांना फायदा नव्हता. २०२३ च्या फ्रान्समधल्या चाचणीत तीव्र न्यूमोनियात रोज २०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनने २८ दिवसांचे मृत्यू ११.९ टक्क्यांवरून ६.२ टक्क्यांवर आले. पण इन्फ्लूएंझाच्या रुग्णांना त्या चाचणीत घेतलेलं नव्हतं, आणि इन्फ्लूएंझात स्टेरॉइडने नुकसान होण्याची शक्यता दिसते. लपलेला क्षयरोग आपल्याकडे विसरून चालत नाही. आणि साखर न बघता स्टेरॉइड देण्याचं फळ नागपूरने २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या) रूपात भोगलंय. तेव्हा विचारायचं ते असं: फ्लूची तपासणी झाली का, थुंकीची सीबीनॅट (क्षयरोगाची तपासणी) झाली का, साखर किती-किती तासांनी बघताय, आणि स्टेरॉइड किती दिवस.

व्हेंटिलेटरची वेळ आलीच, तर तिथेही हीच भिंत आहे. मोठ्या श्वासाने ताणलेलं फुप्फुस पुन्हा तेच निरोप सोडतं आणि पुन्हा पेशी बोलावतं. २००० च्या चाचणीत उंचीवरून काढलेल्या आदर्श वजनाच्या प्रत्येक किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर श्वास दिला, तेव्हा मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. एवढ्या बदलाने एवढा फरक, आणि औषध एकही नाही.

आता तुमच्या वर्णनातली मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट: पोळ्याचा आठवडा, काटोलकडची शेती, चार दिवसांचा ताप आणि नंतर धाप. पावसाळ्यात, निंदणाच्या दिवसांत, विदर्भात स्क्रब टायफस या किड्याच्या चाव्यातून येणाऱ्या तापाचा विचार केल्याशिवाय पुढे जाऊ नये. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर भागात त्याची मोठी साथ आली होती. गवतातल्या चिगर नावाच्या बारीक किड्याच्या चाव्यातून ओरिएन्शिया हा जंतू शिरतो आणि तो थेट रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशीतच वाढतो. म्हणजे इथे क्रम उलटा. आधी भिंत आजारी पडते, पांढऱ्या पेशी नंतर येतात. रक्तातला आकडा साधा असू शकतो, प्लेटलेट कमी, यकृताचे आकडे वाढलेले, आणि फुप्फुस मात्र एआरडीएसकडे चाललेलं. जंतू पेशीच्या आत असल्याने सेफ्ट्रिआक्झोनसारखं अँटिबायोटिक त्याच्यावर चालत नाही. डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रोमायसिन लागतं, आणि तीव्र आजारात दोन्ही एकत्र शिरेतून दिलेली जास्त गुणकारी ठरली आहेत. बाबांच्या काखेत, जांघेत, कमरेच्या करगोट्याखाली, गुडघ्यामागे सिगारेटच्या चटक्यासारखी काळी खपली आहे का, हे आज नर्सला सांगून बघून घ्या. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. खपली नसली तरी आजार नाही असं म्हणता येत नाही, आणि पहिल्या आठवड्यात रक्तातल्या प्रतिपिंडांची आयजीएम तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. १८,४०० हा आकडा नेहमीच्या जिवाणूच्या न्यूमोनियाकडे जास्त झुकतो हे खरं, तरी "डॉक्सिसायक्लिन चालू आहे का?" एवढं विचारायला काही हरकत नाही. बहुतेक ठिकाणी या दिवसांत ते आधीच सुरू केलेलं असतं.

घरात कुणाला सिकलसेल असेल तर तेही सांगा, विदर्भात हे विचारावंच लागतं. सिकलसेलमध्ये वाकड्या लाल पेशी, न्यूट्रोफिल आणि भिंत अशी तिघांची गाठ पडते आणि छातीचा वेगळाच तीव्र आजार होतो. तिथे न्यूट्रोफिलचा आकडा खरोखर महत्त्वाचा आहे. हायड्रॉक्सीयुरियाने फायदा होतो तो गर्भातलं हिमोग्लोबिन वाढल्याने, आणि काही अंशी न्यूट्रोफिल व त्यांची चिकटण्याची ओढ कमी झाल्यानेही. रक्त बदलण्यासारखे उपचारही तिथे वेगळे असतात, आणि स्टेरॉइड थांबवल्यावर दुखणं उलटून येण्याची भीती असते.

तर पुढचे दोन-तीन दिवस काय बघायचं? सीबीसीचा आकडा नव्हे. हायफ्लोच्या मशीनवर ऑक्सिजनची टक्केवारी असते. बोटावरचा आकडा तिने भागा. ९२ असेल आणि मशीन ६० टक्क्यांवर असेल, तर ९२ भागिले ०.६ म्हणजे १५३. हायफ्लोवर ३१५ च्या खाली एआरडीएसचा विचार होतो, आणि नळी घातलेल्या रुग्णात १४८ किंवा त्याखाली तो तीव्र धरतात. बोटावरचा आकडा ९७ च्या वर असेल तर हा हिशोब करू नका, फसवा निघतो. आता हाच भागाकार मिनिटाच्या श्वासांनी पुन्हा भागा. श्वास २८ असतील तर साधारण ५.५, ३६ असतील तर ४.२५. हायफ्लो लावल्यापासून २, ६ आणि १२ तासांनी हा आकडा ४.८८ च्या वर राहिला, तर व्हेंटिलेटरसाठी घशात नळी घालायची शक्यता कमी. घसरत चालला असेल तर डॉक्टर नळीबद्दल बोलतील, आणि तेव्हा उशीर करू नका. दमलेल्या माणसाचे जोरजोरात ओढलेले श्वासही फुप्फुस ताणतात. शुद्धीवर असतील आणि जमत असेल तर पालथं झोपवण्याबद्दल विचारा. पाठीकडचे मिटलेले कोश उघडायला मदत होते.

भरून येणं कसं होतं तेही सांगतो, म्हणजे धीर राहील. न्यूट्रोफिल अल्पायुषी असते. काम झालं की ती आतल्या आत मिटते आणि मॅक्रोफेज तिला गिळून टाकतात. गिळताना मॅक्रोफेजही जळजळ थांबवायचे निरोप सोडू लागतात. भिंतीच्या पेशी वाढून फट भरतात, वायुकोशाच्या पेशी मीठ आणि पाणी परत शोषून घेतात. ऑक्सिजनची गरज आधी कमी होते, एक्स-रे मागून सुधारतो. वयस्कर किंवा धूम्रपान करणाऱ्या माणसात तो स्वच्छ व्हायला ६ ते १२ आठवडेही लागतात. घरी सोडल्यावर आठवड्याभरात काढलेल्या एक्स-रेत डाग दिसला म्हणून नवी अँटिबायोटिक सुरू करू नका. ताप परत आला, थुंकीतून रक्त पडलं किंवा जिना चढताना ऑक्सिजन ४ ने किंवा त्याहून जास्त उतरू लागला, तर मात्र त्याच दिवशी दाखवा. ६ आठवड्यांचा एक्स-रे चुकवू नका. बाबा बिडी ओढत असतील तर अजिबातच नाही, कारण न हटणाऱ्या डागामागे कधीकधी कर्करोगाची गाठ असते.